बाटलीवरची खालची ओळ

गेल्या वर्षी मृगाचे दोन पाऊस झाले आणि आमच्याकडे माश्या सुटल्या. नरसिंहपूर हे नीरा आणि भीमा यांच्या संगमावरचं गाव. इंदापूर तालुका इथे संपतो. नीरेपलीकडे माळशिरस, भीमेपलीकडे माढा. काळी जमीन, चहूकडे ऊस, आणि गोठ्यागोठ्यापुढे उकिरडे. पहिल्या पावसानंतर ऊन आणि ओल एकत्र आली की अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ओळखीचे एक धनगर आबा दारात आले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ते बाहेर पडतात, घाट उतरून कोकणाच्या बाजूला जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्यांचा वाडा शेजारच्या रानात बसला होता. हातात एक लहान बाटली होती. म्हणाले, "मास्तर, तेवढं वाचून सांगा. बादलीत किती टाकायचं?"

लोक माझ्याकडे अशी कामं घेऊन येतात. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बँकेचं पत्र असो, सातबारा असो, औषधाची चिठ्ठी असो, मास्तरला वाचता येतं एवढा गावाचा विश्वास आहे. बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत आणि हिंदीत होता, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. मी दिव्याखाली धरून वाचलं आणि सांगितलं, "दर लिटर पाण्याला दोन मिली. गाय, म्हैस, शेळी, मेंढी. गोचिडांसाठी आहे."

आबा निघाले, पायरी उतरले आणि वळले. "एक राह्यलंच. घोडीला बी मारू का? माश्यांनी लई बेजार केलीया. कानात गोचीड बी हायती."

मगरिबची अजान झाली होती. माझा एक पाय चपलेत होता. मी म्हणालो, "मारा की. गोचीड तो गोचीड, मेंढीवरचा काय आणि घोडीवरचा काय."

हे वाक्य मी बोललो. त्या वाक्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आबांचा नातू शाळेच्या फाटकाशी उभा. "मास्तर, घोडी चारा खाईना. आज्यानं बोलावलंय." शाळा सुटल्यावर गेलो. घोडी मान खाली घालून उभी होती. डोळे अर्धे मिटलेले. मधूनच पोटाकडे वळून बघायची आणि पुढच्या पायाने जमीन खरवडायची. चेहऱ्यावर माश्या नव्हत्या, कानातले गोचीडही गळून पडले होते. औषधाने आपलं काम चोख केलं होतं. आबा एवढंच म्हणाले, "कालपास्नं लीद न्हाई."

इंदापूरहून पशुवैद्यक आले. त्यांनी घोडीच्या दोन्ही कुशींना नळी लावून बराच वेळ ऐकलं. घोड्याचं पोट कधी गप्प नसतं. कान लावला तर लांबच्या गडगडाटासारखा आवाज येत राहतो. डॉक्टर म्हणाले, "आत काहीच ऐकू येत नाही. अंगाला काही लावलं का?" आबांनी बाटली आणून दिली. डॉक्टरांनी ती फिरवली, खालच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि माझ्यापुढे धरली. सगळ्यात खालच्या ओळीत लिहिलं होतं, घोड्यांवर वापरू नये.

"हे कोणी वाचलं नाही का?" त्यांनी विचारलं.

आबा जमिनीकडे बघत राहिले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मीच म्हणालो, "मी वाचलं होतं डॉक्टर. वरचं वाचलं होतं."

बाटलीत अमिट्राझ होतं. गाई-म्हशींच्या आणि मेंढ्यांच्या गोचिडांवर ते आपल्याकडे सर्रास वापरतात, कुत्र्यांनाही लावतात. पण घोड्यात ते आतड्याची हालचाल मंदावतं. गायीचं पचन मुख्यतः पुढच्या चार कप्प्यांच्या पोटात होतं, ती रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. त्याचा कडबा-गवत आंबतं ते मागे, मोठ्या आतड्यात. ते आतडं लांब, फुगीर आणि मध्येच अरुंद वळणांचं असतं. हालचाल थांबली की आतला चारा सुकतो, घट्ट होतो आणि वळणावर अडकतो. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं त्याला पुढूनच वाट हवी. ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यकांनी अमिट्राझची फवारणी झालेल्या घोड्यांचा हा आजार १९८० च्या दशकातच लिहून ठेवला होता. म्हणजे ही काही नवी, कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट नव्हती. ती बाटलीवरही होती. फक्त मी तिथपर्यंत पोहोचलो नव्हतो.

त्या संध्याकाळी आम्ही घोडीला साबणाच्या पाण्याने धुतलं, म्हणजे कातडीवर उरलेलं औषध तरी निघावं. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पोटात पातळ पॅराफिन आणि पाणी सोडलं, सलाइन लावलं, दुखणं कमी करण्याचं इंजेक्शन दिलं. म्हणाले, "आता वाट बघायची. लोळू द्यायचं नाही, अधूनमधून सावकाश चालवायचं. लीद पडली तर जिंकलो."

तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती जाईना. आपली मराठी गायीच्या विष्ठेला शेण म्हणते, घोड्याच्या विष्ठेला लीद, मेंढीच्या विष्ठेला लेंडी. गायीचं वासरू, घोडीचं शिंगरू, मेंढीचं कोकरू. गाय हंबरते, घोडा खिंकाळतो. हे शब्द मी वर्गात पाठ करून घेतो, परीक्षेत जोड्या लावायला देतो. ज्या भाषेने या जनावरांची विष्ठासुद्धा वेगवेगळ्या नावांनी ओळखली, त्या भाषेचा शिक्षक असून मी दोघींना एका बादलीत घातलं. गोचीड एकच असेलही, पण औषध फक्त गोचिडावर पडत नाही. ते ज्याच्या अंगावर पडतं, त्याचं शरीर वेगळं असतं.

ही घोडी आबांची काय आहे, तेही सांगायला हवं. लहान चणीची, रुंद छातीची, काटक. अशाच तट्टांना भीमथडी म्हणतात, भीमेच्या थडीवरची म्हणून. बारामती तालुक्याचं जुनं नावही भीमथडीच. मराठ्यांच्या घोडदळात ही तट्टं होती. 'जय जय महाराष्ट्र माझा' या आपल्या राज्यगीतात त्यांचा उल्लेख आहे. गीत सगळ्यांना पाठ, पण ही तट्टं आज कोणाकडे आहेत असं विचारलं तर उत्तर येत नाही. ती धनगरांच्या वाड्यावर आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, झांस्करी, स्पिती, भुतिया, मणिपुरी, कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही आठवी. नोंद कागदावर झाली, पण जात टिकवली ती पाठीवर बिऱ्हाड लादून घाट चढणाऱ्या या लोकांनी. भांडी, अंथरुणं, वाघूर, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि कधी एखादं तान्हं पोर, सगळं या घोडीच्या पाठीवर जातं. ती गेली असती तर आबांचं घरच बसलं असतं.

पहिली रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले, पुन्हा नळी, पुन्हा तेल. तिसऱ्या दिवशी फजरची नमाज पढून मी अजून मुसल्यावरच होतो, तेव्हा फोन वाजला. आबा म्हणाले, "मास्तर, लीद टाकली." मी इतकी वर्षं भाषा शिकवतो. इतकं सुंदर वाक्य मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

घोडी वाचली. त्यानंतर मी डॉक्टरांच्या मागे लागून जे समजून घेतलं, ते इथे लिहितो. हे वाचणाऱ्यांत कोणाच्या घरी लग्नाची घोडी असेल, कोणाच्या टांग्याचा घोडा असेल, कोणाच्या चुलत्याकडे हौसेचा मारवाडी असेल.

पहिली गोष्ट, माश्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. घोड्याची कातडी थरथरते, शेपूट फिरते, पाय आपटतात, हा नुसता वैताग नाही. चावणाऱ्या मोठ्या माश्या एका जनावराचं रक्त तोंडाला लावून दुसऱ्यावर बसतात आणि त्यातून सर्रा नावाचा ताप पसरतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने १८८० मध्ये पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात त्याचा जंतू पाहिला. आज जगभरच्या पुस्तकांत त्या जंतूला इव्हान्सचं नाव आहे, पण रोगाचं नाव आपल्या इथलंच राहिलं, सर्रा. तसाच दुसरा शब्द बरसाती. पावसाळ्यात घोड्याच्या डोळ्याच्या कडेला, ओठाला किंवा पायाच्या जखमेवर जी न भरणारी गाठाळ जखम होते, तिला आपल्याकडचे घोडेवाले बरसाती म्हणत, आणि इंग्रज पशुवैद्यकांनी तो शब्द तसाच उचलला. पोटातल्या एका जंताच्या अळ्या माशी आणून जखमेवर सोडते, त्याचा हा परिणाम. गोचिडांतूनही घोड्याला रक्त नासणारा ताप येतो, लघवी तांबडी होते. तेव्हा औषध हवंच. प्रश्न कोणतं आणि कसं, एवढाच आहे.

घोड्यांसाठी जगभर जास्त करून वापरतात ती परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन या कुळातली औषधं. यांचं मूळ एका फुलात आहे. सेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलाची भुकटी कीटक मारते, हे लोकांना जुन्या काळापासून माहीत होतं. पण तो अर्क उन्हात टिकत नसे. इंग्लंडच्या रॉथमस्टेड इथे मायकेल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात त्याच घडणीची, उन्हात टिकणारी रसायनं तयार केली. ती माशीला घातक आणि घोड्याला त्या मानाने सौम्य. पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे.

याच कुळातलं औषध पिकावरचंही मिळतं, आणि आमच्याकडे उसाच्या किंवा भाजीच्या फवारणीतलं उरलेलं जनावरावर मारण्याची पद्धत आहे. ते करू नये. पिकाच्या औषधात जो द्राव मिसळलेला असतो तो कातडी भाजतो. घोड्याची कातडी गायीपेक्षा नाजूक, तिच्यावर फोड येतात, केस जातात. पंपाचंही तसंच. ज्या पंपातून काल तणनाशक मारलं, त्यातून आज घोडा भिजवायचा नाही. जनावरांचा पंप वेगळा ठेवावा.

फवारताना घोडा घामेजलेला नसावा, ऊन कलल्यावर मारावं, लगेच खोगीर घालू नये. आधी मानेवर तळहाताएवढ्या जागी लावून एक दिवस बघावं. तोंडावर कधी फवारायचं नाही. फडकं ओलं करून, पिळून, डोळे, नाकपुड्या आणि ओठ सोडून पुसायचं. जखमेवर नाही. लहान शिंगराला आणि गाभण घोडीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दोन औषधं एकत्र नाहीत. मारणाऱ्याने हातमोजे घालावेत, तोंडाला फडकं बांधावं, वारा पाठीशी घ्यावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरता कामा नये. आणि पंप नदीत धुवायचा नाही. हे औषध माश्यांपेक्षा माशांना जास्त लवकर मारतं. संगमावर जाळं टाकणाऱ्याचं पोट त्या पाण्यावर आहे. घरात मांजर असेल तर तिला ओल्या घोड्यापासून लांब ठेवावं, परमेथ्रिन तिला सोसत नाही.

शिवाय फवारणीने सगळंच जात नाही. घोड्याच्या पुढच्या पायांच्या केसांना बारीक पिवळे ठिपके चिकटलेले दिसतात. ती एका माशीची अंडी. घोडा पाय चाटतो, अळ्या पोटात जातात आणि महिनोन् महिने जठराला चिकटून राहतात. त्यांच्यावर वरून मारलेलं औषध चालत नाही. अंडी खरवडून काढावी लागतात आणि पोटात घोड्यांसाठीचंच जंताचं औषध द्यावं लागतं. आणि लीद. आठवड्यातून दोनदा तरी लीद आणि कुजका चारा उचलून लांब टाकला, तर अंड्याची माशी व्हायच्या आतच ती संपते. बाटलीचा अर्धा खर्च तिथे वाचतो. शंका आली तर १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा फोन आहे, पैसे लागत नाहीत.

आमच्या दादांचा इंदापुरात टांगा होता. मी लहान असताना त्यांचा शेवटचा घोडा पाहिला आहे. दादांनी शाळा पाहिली नव्हती. ते घोड्याची शेपूट कधी कापू देत नसत. म्हणत, "अल्लाहनं त्याला हात दिला नाही, म्हणून ही दिली." संध्याकाळी तबेल्यात कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करत, कपाळावर दोऱ्यांची झालर बांधत म्हणजे चालताना ती हलून डोळ्यांवरच्या माश्या उडाव्यात. जुनं सगळंच चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. गोचिडांवर ते रॉकेल चोळत, आणि त्या घोड्याच्या मानेवर केस न उगवलेले पट्टे होते, ते मला आठवतात. पण एक गोष्ट ते रोज करत. फजरनंतर ओल्या पंचाने घोड्याचं तोंड पुसत. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, ओठांचे कोपरे, सावकाश. तेव्हाच त्यांना कळत असे की आज डोळा लाल आहे, आज गोचीड कानात शिरला आहे, आज खाल्लेलं नाही.

इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या चादरीने घोड्याचं तोंड पुसताना लोकांना दिसले. विचारल्यावर त्यांनी सांगितलं की घोड्यांच्या बाबतीत रात्री आपल्याला समज मिळाली. लहानपणी हा प्रसंग ऐकला तेव्हा मला त्यातली माया दिसली होती. आता त्यातला जाब दिसतो. मुकं जनावर कोणाकडे तक्रार करत नाही, पण त्याच्या वतीने विचारलं जातं. घोडी आबांची अमानत होती आणि आबांचा माझ्या वाचण्यावरचा विश्वास ही माझ्याकडची अमानत. त्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता, "घोडीला बी मारू का?" न शिकलेल्या माणसाला शंका आली आणि शिकलेल्याला आली नाही. मला ठाऊक नाही, असं म्हणायला मला एक क्षण लागला असता. नमाजीची घाई होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण नमाजीने मला खोटं उत्तर द्यायला सांगितलं नव्हतं.

आता मी नववीच्या वर्गात एक तास औषधांच्या लेबलांचा घेतो. खोकल्याचं औषध, पिकाचं औषध, जनावराचं औषध. लेबलांच्या मोठ्या छापील प्रती काढतो आणि मुलांना खालच्या ओळीपासून वर वाचायला लावतो. कोणासाठी आहे हे वर लिहिलेलं असतं, कोणासाठी नाही हे खाली. मुलं हसतात, पण वाचतात. धनगरवाड्यावरची दोन मुलं त्यात सगळ्यांत पुढे आहेत.

यंदा पावसाच्या तोंडावर आबा परत आले. घोडीही होती, पाठीवर दोन कोकरं घेऊन. दुसऱ्या दिवशी नवी बाटली घेऊन दारात हजर. मी चष्मा शोधू लागलो, तर ते म्हणाले, "मास्तर, घाई न्हाई. आदी नमाज पढून या. मग बसून वाचू. खालनं वर."